पाथव्हिजिओ आणि जैविक पाथवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या कॉलेजांतल्या जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी मी पाथव्हिजिओच्या कार्यशाळा घेते. कार्यशाळा संपली की व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतं. तेच ते प्रश्न येतात, बहुतेक रात्री अकरानंतर आणि बहुतेक सादरीकरणाच्या आदल्या दिवशी. चवथीच्या सुट्टीत प्रकल्प घेऊन बसणारेही बरेच. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग घोळाचे.

उदाहरण शक्यतो एकच ठेवलंय: काजूच्या बोंडांचा रस आंबतो तेव्हा यीस्टच्या पेशीत काय चालतं. जनुकांची नावं आणि ओळखक्रमांक इथे देवनागरीत लिहिले आहेत, सॉफ्टवेअरमध्ये ते रोमन अक्षरांतच टंकायचे.

१. पाथवे म्हणजे नेमकं काय, आणि पाथव्हिजिओ त्याचं काय करतं?

पेशीतल्या एकमेकींत गुंतलेल्या घडामोडींचा नकाशा म्हणजे पाथवे. रसातलं ग्लुकोज यीस्ट दहा पायऱ्यांत पायरुवेटपर्यंत नेतं. पुढे पायरुवेट डिकार्बोक्झिलेज हे विकर त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड उरतं. मग अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं इथेनॉल करतं. पिंपातला फेस म्हणजे मधल्या पायरीतून सुटलेला वायू, आणि भट्टीवर चढतं ते शेवटच्या पायरीचं फळ.

पाथव्हिजिओ तीन कामं करतं. असा नकाशा काढू देतं, त्यावर तुमच्या प्रयोगाचे आकडे रंगाने दाखवतं, आणि शेकडो नकाशांतून कुठल्या नकाशात अपेक्षेपेक्षा जास्त बदल झालाय ते मोजून सांगतं. ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या बिगकॅट या जैवमाहितीशास्त्र विभागात घडलं. पहिला शोधनिबंध २००८ चा, आणि प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) जोडून वाढवता येणाऱ्या तिसऱ्या आवृत्तीचा २०१५ चा.

२. पॉवरपॉइंटमध्ये याहून सुंदर चित्र निघतं. मग हे कशाला शिकायचं?

सुंदर निघतं, मान्य. पण पॉवरपॉइंटला तो चौकोन म्हणजे जनुक आहे हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती चार रेषांच्या आत लिहिलेली अक्षरं. पाथव्हिजिओत प्रत्येक डब्यामागे एक ओळखक्रमांक असतो आणि तो कुठल्या माहितीसाठ्यातला आहे याची नोंद असते. बाणालाही अर्थ असतो: हा रूपांतराचा, हा उत्प्रेरणाचा, हा अडथळ्याचा. हे सगळं जीपीएमएल नावाच्या फाइलीत साठतं. जीपीएमएल ही एक्सएमएलचीच एक जात आहे, आणि तिच्या नावातला ‘जी’ जेनमॅप या जुन्या अमेरिकन सॉफ्टवेअरवरून आलाय.

म्हणूनच सहा हजार जनुकांचे आकडे हाती असताना कुठला आकडा कुठल्या डब्यात जातो हे संगणक स्वतः शोधू शकतो. पॉवरपॉइंटमध्ये ते रंग हाताने भरावे लागतात. मी भरलेत, एकदा, एमएस्सीला असताना. पुन्हा भरणार नाही.

या पानावरच्या निम्म्या तक्रारी एकाच गोष्टीतून येतात: नकाशा चित्र म्हणून काढला जातो आणि माहिती म्हणून वापरायची वेळ आली की अडतो.

३. फुकट आहे का? कॉलेजला परवाना घ्यावा लागेल का?

फुकट आहे. मुक्त स्रोत आहे, अपाचे २.० परवान्याखाली. कॉलेजला कुणाकडे अर्ज करायला नको. जावावर चालतं, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही चालेल. जावाची कुठली आवृत्ती हवी ते उतरवण्याच्या पानावर दिलेलं असतं, तीच घ्या. ‘प्रोग्रॅम उघडतच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी जावाचं विचारते, आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

४. सुरुवातीला काय काय उतरवायचं?

तीन गोष्टी, आणि तिसरी हटकून विसरली जाते.

पहिला खुद्द प्रोग्रॅम. दुसरा तुमच्या सजीवाच्या पाथवेंचा संच: विकिपाथवेज या नकाशांच्या भांडारात तो प्रत्येक प्रजातीसाठी झिप फाइलीत मिळतो आणि दर महिन्याच्या १० तारखेला नवा निघतो. तिसरी ब्रिज फाइल, म्हणजे त्या प्रजातीच्या ओळखक्रमांकांचा शब्दकोश. एका साठ्यातला क्रमांक दुसऱ्या साठ्यातल्या कुठल्या क्रमांकाचा जुळा आहे हे तिच्यात असतं. माणसातलं टीपी५३ हे जनुक एन्ट्रेझ या जनुकसाठ्यात ७१५७ आहे आणि एचजीएनसी या मानवी जनुकनावांच्या साठ्यात ११९९८. दोन्ही एकच, हे ब्रिज फाइलीशिवाय पाथव्हिजिओला कळायला मार्ग नाही. चयापचयी रेणूंसाठी वेगळी ब्रिज फाइल लागते, त्याबद्दल प्रश्न १४.

५. इंटरनेट नसेल तर चालतं का?

चालतं. प्रश्न ४ मधल्या तिन्ही गोष्टी एकदा उतरवल्या की नेट नसलं तरी काम अडत नाही. पावसात वीज जाते, नेट जातं, लॅपटॉप बॅटरीवर ओढत असतो, तेव्हा याचं मोल कळतं. कार्यशाळेला मी सगळं पेनड्राइव्हवरच नेते. जून महिन्यात चाळीस मुलांना एकाच वायफायवरून ब्रिज फाइल उतरवायला सांगण्याची चूक मी एकदाच केली. नेट लागतं ते विकिपाथवेजमध्ये थेट शोध घ्यायला आणि नवी प्लगइन आणायला.

६. पाथव्हिजिओ, विकिपाथवेज, सायटोस्केप, केग, रिअ‍ॅक्टोम. यातलं कुठलं वापरू?

हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत, कामं वेगवेगळी आहेत.

विकिपाथवेज हे नकाशांचं भांडार, २००८ पासून सुरू, आणि त्यातले नकाशे जीपीएमएलमध्येच असतात. पाथव्हिजिओ हे ते नकाशे उघडायचं आणि काढायचं हत्यार. केग हे क्योटोत १९९५ मध्ये सुरू झालेलं भांडार. त्याचे नकाशे पाठ्यपुस्तकात तुम्ही पाहिलेच असतील. रिअ‍ॅक्टोमही भांडारच, पण प्रत्येक अभिक्रिया फार बारकाईने मांडणारं.

सायटोस्केप मात्र वेगळ्या वळणाचं. त्यात नकाशाची मांडणी महत्त्वाची नसते, महत्त्व जाळ्याला: कोण कुणाशी जोडलंय, किती जोडलंय. हजार प्रथिनांचं जाळं असेल तर सायटोस्केप घ्या. ‘ग्लायकोलिसिसच्या कुठल्या पायरीवर फरक पडला’ असा प्रश्न असेल तर पाथव्हिजिओ. विकिपाथवेजचे नकाशे सायटोस्केपमध्ये उघडायचं अ‍ॅपही आहे, म्हणजे एकदा निवडलं की जन्माचं बांधलं असं काही नाही.

७. माझ्या डेटाची फाइल कशी असावी?

साधी मजकूर फाइल, रकाने टॅबने वेगळे केलेले, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं. एका रकान्यात ओळखक्रमांक, पुढे आकडे: लॉग२ फोल्ड चेंज (जनुकाची पातळी किती पट वाढली-घटली ते, लॉग२ मध्ये), पी व्हॅल्यू (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) वगैरे. डेटा मेनूत जाऊन एक्स्प्रेशन डेटा आयात करायचा आणि क्रमांक कुठल्या साठ्यातले ते सांगायचं.

आता एक्सेल. एक्सेलला जनुकांची नावं तारखा वाटतात. सेप्ट२ लिहिलं की तो २ सप्टेंबर करतो, मार्च१ लिहिलं की १ मार्च. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ही नावंच बदलली. सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं, मार्च१ चं मार्चएफ१. जगाने एक्सेलपुढे हात टेकले, दुसरं काय. जुन्या डेटात मात्र जुनीच नावं आहेत. तेव्हा फाइल एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून मगच आणा, दुहेरी टिचकी मारून उघडू नका. एकदा तारीख झालेलं नाव पुन्हा जनुक होत नाही.

८. डेटा आयात झाला, पण सगळे डबे राखाडीच आहेत. का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

राखाडी डब्याचा अर्थ ‘बदल झाला नाही’ असा नाही. ‘या डब्यासाठी तुमच्या फाइलीत काही सापडलं नाही’ असा आहे. कारणं मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने देते.

एक, ब्रिज फाइल निवडलेलीच नाही. डेटा मेनूत जीन डेटाबेस निवडायची सोय आहे. खिडकीच्या तळाशी कुठली फाइल जोडली आहे ते दिसतं, तिथे आधी नजर टाका.

दोन, ब्रिज फाइल दुसऱ्याच प्रजातीची. डेटा यीस्टचा आणि फाइल माणसाची. हसू नका, आठवड्याला एक असतो.

तीन, साठ्याचं नाव चुकीचं सांगितलं. यीस्टमध्ये हे फार होतं, कारण एकाच जनुकाला तीन तऱ्हेची नावं. इथेनॉलची शेवटची पायरी करणाऱ्या जनुकाचं बोलीतलं नाव एडीएच१. पद्धतशीर नाव वायओएल०८६सी, आणि ते चक्क पत्ता आहे: ‘वाय’ म्हणजे यीस्ट, ‘ओ’ म्हणजे पंधरावं गुणसूत्र, ‘एल’ म्हणजे डावी बाजू, मग क्रम, आणि शेवटचा ‘सी’ डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठला ते सांगतो. तिसरा एसजीडी या यीस्ट माहितीसाठ्याचा क्रमांक, ‘एस’ आणि पुढे नऊ आकडे. फाइलीत पद्धतशीर नावं असतील तर आयात करताना एन्सेम्बल हा साठा निवडा. एसजीडी निवडलंत तर एकही जुळणार नाही, आणि पाथव्हिजिओ तक्रारही मोठ्याने करणार नाही.

हळू आवाजात मात्र करतं. आयात संपताना किती ओळी ओळखता आल्या नाहीत तो आकडा दाखवला जातो आणि त्या ओळींची यादी .ईएक्स.टीएक्सटी शेपटीच्या फाइलीत जमा होते. सगळे जण ‘फिनिश’ दाबून पुढे पळतात. तो आकडा वाचा. सहा हजारांत पन्नास न जुळणं ठीक आहे. सहा हजारांत सहा हजार न जुळले असतील तर वरचं तिसरं कारण पाहा.

चार, क्रमांकामागे शेपूट. आरएनए-सीक्वेन्सिंगच्या साधनांतून मानवी एन्सेम्बल क्रमांक बऱ्याचदा ‘.१२’, ‘.१७’ असा आवृत्तीचा आकडा घेऊन येतात. टिंबापासून पुढचं कापून टाका.

पाच, दोष तुमच्याकडे नसून नकाशाकडे असणं. नकाशा काढणाऱ्याने डब्यात नुसतं नाव लिहून ओळखक्रमांक भरलाच नसेल तर तो डबा जन्मभर राखाडी राहील. डब्यावर दोनदा टिचकी मारली की कळतं.

९. काही डबे रंगलेत, काही राखाडी. हे चालेल का?

चालेल, सगळे कधीच रंगत नाहीत. काही जनुकं मोजलीच गेलेली नसतात. पण रांगेने एकाच भागातले डबे राखाडी असतील तर प्रश्न ८ मधलं पाचवं कारण तपासा.

१०. रंग कुठले घ्यावेत?

लॉग२ फोल्ड चेंजला निळा-पांढरा-लाल चढउतार, मध्ये शून्यावर पांढरा, आणि दोन्ही टोकं सारख्या अंतरावर. −२ ते +२ घ्या. −१ ते +४ असं केलंत तर पांढरा रंग शून्यावर राहत नाही आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात. लाल-हिरवा नको. तो भेद न दिसणारे पुरुष वर्गात एखादा तरी असतोच.

पी व्हॅल्यूसाठी चढउतार नको, नियम लावा: ०.०५ पेक्षा कमी असेल तर एक रंग, नसेल तर पांढरा. डब्याचे दोन उभे भाग करून डावीकडे फोल्ड चेंज आणि उजवीकडे पी व्हॅल्यू दाखवता येते. रस आंबायच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवसाचे आकडे असतील तर तीन उभ्या पट्ट्या करा.

११. एका डब्यात आडव्या पट्ट्या आल्यात, मी तर एकच रकाना निवडला होता.

एकाच जनुकासाठी तुमच्या फाइलीत एकापेक्षा जास्त ओळी आहेत. मायक्रोअ‍ॅरेत एका जनुकाला अनेक प्रोब (त्याला पकडणारे डीएनएचे तुकडे) असतात, तिथे हे हमखास होतं. उभ्या पट्ट्या म्हणजे वेगवेगळे रकाने, आडव्या म्हणजे वेगवेगळ्या ओळी. एक पट्टी लाल आणि एक निळी असेल तर सरासरी काढून प्रश्न झाकू नका. कुठला प्रोब नेमका कुठे बसतो ते पाहा.

१२. झेड स्कोअर म्हणजे काय, सोप्या भाषेत?

आधी तुम्ही निकष देता, उदाहरणार्थ लॉग२ फोल्ड चेंज १ पेक्षा जास्त आणि पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी. सूत्र लिहिताना रकान्याचं नाव चौकोनी कंसात टाकायचं. मग प्रत्येक पाथवेत निकषात बसणारी जनुकं मोजली जातात आणि योगायोगाने किती बसली असती त्याच्याशी तुलना होते.

समजा यीस्टची ६००० जनुकं मोजली आणि ६०० निकषात बसली, म्हणजे दहात एक. एका पाथवेतली ४० जनुकं मोजली गेली आहेत. निव्वळ योगायोग असता तर त्यातली ४ बसायला हवीत. बसली १२. जास्तीची ८. पण ८ हा आकडा मोठा की किरकोळ? त्यासाठी तो योगायोगाने जेवढा हेलकावा अपेक्षित आहे त्याने भागायचा. इथे तो हेलकावा साधारण १.८९ येतो, म्हणजे झेड स्कोअर ४.२३. १.९६ च्या वर गेलं की ‘योगायोग असण्याची शक्यता कमी’ असं म्हणायची प्रथा आहे. स्कोअर उणे असेल तर त्या पाथवेत अपेक्षेपेक्षा कमी जनुकं बदलली.

आता सावधगिरी, कारण हा आकडा प्रबंधात फार भोळेपणाने छापला जातो. वरच्याच डेटात ३ जनुकांचा पाथवे घ्या, त्यातली २ निकषात बसली असं धरा. झेड स्कोअर येतो ३.२७! दोन जनुकांवर. म्हणून निकालाच्या तक्त्यात स्कोअरच्या आधी ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘मेजर्ड’ हे रकाने वाचा. मी स्वतः पाचपेक्षा कमी जनुकं बदललेला पाथवे निष्कर्षात घेत नाही. हा माझा नियम, पुस्तकातला नाही.

दुसरं, तुम्ही एक पाथवे तपासत नाही, शेकडो तपासता. २०० पाथवे तपासले आणि पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली तर काहीच घडलेलं नसताना १० पाथवे वर येऊ शकतात. तक्त्यात डेटाची अदलाबदल करून काढलेली पी व्हॅल्यूही असते, तीही बघा. आणि तीच तीच जनुकं अनेक पाथवेंत असतात. वरच्या पाच पाथवेंना पाच वेगळे शोध समजू नका, आतली नावं वाचा, तोच एक शोध पाच कपड्यांत उभा असेल.

१३. माझ्याकडे फक्त ‘सिग्निफिकंट’ जनुकांची यादी आहे. ती टाकून झेड स्कोअर काढू का?

नको. प्रश्न १२ मधल्या हिशोबात ६००० हा आकडा कुठून आला ते बघा: मोजलेली सगळी जनुकं. फक्त ६०० निवडक टाकलीत तर पाथव्हिजिओला वाटेल मोजलीच ६००, आणि सगळीच बसली. मग अपेक्षेपेक्षा जास्त असं काही उरतच नाही. सीक्वेन्सिंग करून देणाऱ्यांकडून पूर्ण तक्ता मागून घ्या, त्यांच्याकडे तो असतो.

१४. जनुकं आणि चयापचयी रेणू दोन्हींचा डेटा एकाच नकाशावर येईल का?

येईल. जीन डेटाबेस आणि मेटाबोलाइट डेटाबेस अशा दोन्ही ब्रिज फाइली जोडा. डेटा एकाच फाइलीत हवा, आणि कुठल्या ओळीतला क्रमांक कुठल्या साठ्यातला हे सांगणारा ‘सिस्टिम कोड’चा रकाना हवा: एन्ट्रेझला एल, एन्सेम्बलला ईएन, आणि चयापचयी रेणूंच्या साठ्यांपैकी सीएचईबीआयला सीई, एचएमडीबीला सीएच. दोन किंवा कमी अक्षरांचे हे कोड मोठ्या-लहान अक्षरांसकट जसेच्या तसे लिहायचे.

खड्डा इथे आहे: एचएमडीबीने आपले क्रमांक मध्येच पाच आकड्यांवरून सात आकड्यांवर नेले. जुन्या शोधनिबंधांत ग्लुकोज ००१२२ आहे, आता ०००००१२२ नव्हे, ००००१२२. शून्यं मोजून घ्या, माझीच इथे गडबड झाली ती तशीच ठेवलीय.

१५. आंबवण्याचा पाथवे स्वतः काढायचाय. कुठून सुरू करू?

कागदावर. पायऱ्या कागदावर नक्की झाल्याशिवाय माउसला हात लावू नका.

मग पाथव्हिजिओत आधी प्रजाती निवडा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. रेणूंचे डबे मेटाबोलाइट प्रकारचे, विकरांचे जीनप्रॉडक्ट किंवा प्रोटीन. प्रत्येक डब्यावर दोनदा टिचकी मारून ओळखक्रमांक लगेच भरा, ‘नंतर भरू’ म्हटलं की प्रश्न ८ मधला पाचवा प्रकार होतो. पायरुवेटकडून अ‍ॅसिटाल्डिहाइडकडे जाणारा बाण ‘एमआयएम-कन्व्हर्जन’, म्हणजे रूपांतराचा. विकर या वाटेवर येत नाही, ते वाटेला धक्का देतं. म्हणून बाणाच्या मध्यावर अँकर (रेषा अडकवायचा ठिपका) बसवायचा आणि पीडीसी१ पासून, म्हणजे पायरुवेट डिकार्बोक्झिलेजपासून, त्या अँकरपर्यंत ‘एमआयएम-कॅटॅलिसिस’ ही उत्प्रेरणाची रेषा ओढायची. बहुतेक मुलं पायरुवेट → पीडीसी१ → अ‍ॅसिटाल्डिहाइड अशी सरळ रेघ काढतात. त्याचा अर्थ पायरुवेटचं रूपांतर विकरात झालं असा होतो.

पीडीसी१ च्या जोडीला पीडीसी५ आणि पीडीसी६ ही भावंडंही यीस्टमध्ये आहेत. तेच काम करणाऱ्यांना एका गटात ठेवा आणि गटापासून एकच रेषा काढा.

एक कानमंत्र फेणीवाल्यांसाठी: पारंपरिक पद्धतीत रस आपोआप आंबतो, बाहेरून यीस्ट घालत नाहीत. त्यात अनेक जातींचे रानटी यीस्ट आणि जिवाणू असतात. प्रयोगशाळेतल्या एका वाणाचा नकाशा त्यांच्यावर जसाच्या तसा बसवला तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

१६. रेषा डब्याला टेकलेली दिसते, पण सर म्हणतात जोडलेली नाही.

सरांचं खरं आहे. डबा धरून थोडा हलवा. रेषा सोबत आली तर जोडलेली, मागे राहिली तर नुसती टेकलेली. टेकलेली रेषा छापील चित्रात फरक दाखवत नाही, पण तोच नकाशा सायटोस्केपमध्ये जाळं म्हणून उघडला की ती पायरी गायब असते. रेषेचं टोक डब्याच्या कडेवरच्या जोडबिंदूवर नेऊन सोडायचं.

१७. खाजनातल्या (किनाऱ्यालगतच्या खाऱ्या शेतजमिनीतल्या) कोरगुट भातावर काम करतोय. आणि मैत्रीण काजूवर. आमच्या प्रजाती सापडतील का?

भात आहे, ओरायझा सटायव्हाची ब्रिज फाइल मिळते. पण भाताच्या जनुकांना दोन नामपद्धती आहेत: आरएपीची ‘ओएस०१जी…’ अशी आणि एमएसयूची ‘एलओसी_ओएस०१जी…’ अशी. दोन्ही सारख्या दिसतात आणि पुढचे आकडे वेगळे असतात. ‘एलओसी’ खोडून काम भागेल असं समजू नका. आरएपीच्या संकेतस्थळावर जुळणीचा तक्ता मिळतो, तो वापरा. खाऱ्या पाण्यात तगण्याचा प्रश्न असेल तर एसओएस पाथवेपासून सुरू करा: कॅल्शियमची चाहूल घेणारं एसओएस३, त्याने जागं केलेलं एसओएस२ हे कायनेज, आणि सोडियम पेशीबाहेर हाकलणारं एसओएस१. तो आधी अराबिडोप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत उलगडला. भातात यातल्या दोघांची रूढ नावं वेगळी आहेत, एसओएस२ ला सीआयपीके२४ आणि एसओएस३ ला सीबीएल४. आणि कोरगुटचा वाण संदर्भ जनुकसंचाच्या वाणापेक्षा वेगळा आहे हे ध्यानात असू द्या.

काजूसाठी तयार वाट नाही. काजूच्या प्रत्येक जनुकाचा अराबिडोप्सिसमधला जवळचा नातलग शोधायचा, त्याचा क्रमांक आपल्या फाइलीत लावायचा आणि अराबिडोप्सिसचे नकाशे वापरायचे. मूलभूत चयापचयाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. काजूच्या टरफलातल्या तेलासारख्या खास गोष्टींना नाही, कारण तो नकाशाच अराबिडोप्सिसमध्ये नसतो. तिथे प्रश्न १५.

१८. केगचे नकाशे आणून वापरता येतील का?

एखादा पाहून, संदर्भ देऊन स्वतः नव्याने काढता येतो. पण केगच्या फाइली घाऊक उतरवायला २०११ पासून वर्गणी लागते, आणि चित्रं छापायची तर त्यांचे नियम पाळावे लागतात. विकिपाथवेजचा मजकूर सीसी०, म्हणजे कुणालाही, कशासाठीही मोकळा. प्रकाशनाच्या दृष्टीने मी तिथूनच सुरू करायला सांगते.

१९. प्लगइन कशी जोडायची? आणि स्वतःचं लिहिता येतं का?

प्लगइन मेनूतल्या मॅनेजरमध्ये यादी येते, हवं ते निवडून बसवायचं. पाथव्हिजिओचा गाभा मुद्दाम आटोपशीर ठेवलाय. तिसऱ्या आवृत्तीपासून तो ओएसजीआय या जावाच्या रचनेवर उभा आहे, म्हणजे प्रत्येक भाग वेगळा काढता-घालता येतो. दुसऱ्या आवृत्तीसाठीची जुनी प्लगइन त्यामुळेच तिसऱ्यात चालत नाहीत. विकिपाथवेजचं प्लगइन पहिलं बसवा, नकाशे तिथल्या तिथे शोधता येतात.

लिहायचं तर जावा हवी. प्लगइनला दोनच गोष्टी बंधनकारक: सुरू होताना काय करायचं आणि बंद होताना काय आवरायचं. संगणकशास्त्राच्या मुलांना हा सत्राचा प्रकल्प म्हणून मी नेहमी सुचवते. जीवशास्त्रवाल्यांना जावा नको असेल तर पाथव्हिजिओआरपीसी पाहा. त्यातून आर किंवा पायथनमधून पाथव्हिजिओला हुकूम सोडता येतात. पन्नास नकाशे रंगवायचे असतील तर हाच मार्ग.

२०. माझा नकाशा विकिपाथवेजवर देऊ का?

द्या, पण तीन गोष्टी झाल्यावर: सगळ्या डब्यांना क्रमांक, सगळ्या रेषा जोडलेल्या, आणि पायऱ्यांना पबमेड या शोधनिबंधांच्या साठ्यातले संदर्भ. आधी तिथे तसाच नकाशा आहे का ते पाहा. असेल तर नवा काढण्याऐवजी तो सुधारणं बरं. एकदा दिला की तो सीसी० होतो, परत घेता येत नाही. शोध अजून छापून आला नसेल तर मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय देऊ नका. यावरून झालेलं भांडण मी पाहिलंय, तपशील नको.

२१. प्रबंधात काय काय नोंदवायचं?

पाथव्हिजिओची आवृत्ती, ब्रिज फाइलीचं पूर्ण नाव (त्यात तारीख किंवा आवृत्ती असते), पाथवे संचाची तारीख, झेड स्कोअरसाठी लावलेला निकष अक्षरशः जसा टंकला तसा, आणि आयात करताना न जुळलेल्या ओळींची संख्या. चित्र एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये निर्यात करा, स्क्रीनचा फोटो नको.

२२. डब्यांवर मराठीत नावं लिहिली तर बिघडेल का?

बिघडणार नाही. डब्यावरचं नाव आणि मागचा ओळखक्रमांक वेगवेगळे साठतात, रंग भरताना फक्त क्रमांक बघितला जातो. ‘पायरुवेट’ लिहा नाहीतर ‘पिंपातला फेस सुटतो ती पायरी’ लिहा, रंग तोच येईल. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी मी असा एक नकाशा केलाय. निर्यात केल्यावर जोडाक्षरं आणि वेलांट्या मात्र डोळ्यांनी तपासून घ्या, आणि विकिपाथवेजला पाठवायचा असेल तर नावं इंग्रजीतच ठेवा.